आजीचा कुकर चालतो, पण मुंग्या येतात

एपिसोडचं हे नेहमीचं लिखित रूप. बोलतानाचे ‘अं’, ‘हां’ आणि मधेच भुंकलेलं कुत्रं काढून टाकलंय. हेडफोन घरी विसरलेल्यांनी एसटीत बसून वाचायला हरकत नाही.

या वेळचा विषय एका व्हॉइस मेसेजमधून आला. शहाद्याजवळच्या गावातली मुलगी, बारावीला आहे. तिचा मेसेज असा होता: “दादा, आमच्या आजीकडे जुना इलेक्ट्रिक कुकर आहे. वरची प्लेट नीट तापत नाही, ओव्हन चालतो. पण हात लावला की मुंग्या येतात. आजी म्हणते, तो पहिल्यापासून असाच आहे. दुरुस्त होईल का?”

कुकर म्हणजे शिट्टीवाला नव्हे हं. तिने फोटो पाठवले. पांढरं इनॅमल लावलेलं पत्र्याचं बसकं कपाट, वर बिडाची एक गोल प्लेट, खाली ओव्हन, पुढे दोन काळी फिरकीची बटणं. मागच्या पट्टीवर कोरलंय: २४० व्होल्ट, ३००० वॅट. आजोबांनी नोकरीत असताना कुणा बदली झालेल्या साहेबाकडून विकत घेतलेला. आपला नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्यामुळे हा कुकर घरी आला तेव्हा ते घर धुळे जिल्ह्यात होतं. आजी अजून त्यात वरण-बट्टीच्या बट्ट्या भाजते, आणि गॅसच्या तंदूरमधल्या बट्टीला ती बट्टी मानत नाही.

मेसेजमध्ये तिने दोन तक्रारी सांगितल्या. प्लेट तापत नाही ही पहिली, आणि तिच्या मते तीच मोठी. मुंग्यांचं तिने जाता जाता सांगितलं. मी तिला उलट क्रमाने उत्तर दिलं, आणि इथेही तसंच सांगतो. जुन्या विजेच्या उपकरणांत दोन जातीचे बिघाड असतात. एकात उपकरण बंद पडतं. आपण चिडतो, पण ते कुणाला मारत नाही. दुसऱ्यात उपकरण मस्त चालतं, भाकरी होते, बट्टी होते, म्हणून वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. मुंग्या हा दुसऱ्या जातीचा बिघाड. तिला पहिला निरोप गेला तो एवढाच: प्लग काढा, आणि आजीला सांगा की कारण सापडेपर्यंत बट्ट्या गॅसवर.

आजी काय करायची, तर पायाखाली लाकडी पाट घ्यायची आणि रबरी चप्पल घालायची. अनुभवातून आलेली युक्ती आहे आणि काम करते, म्हणूनच धोकादायक आहे. जरा गणित करू. घाबरू नका, नुसता भागाकार आहे. व्होल्ट भागिले ओम म्हणजे अँपिअर.

नंतर मोजलं तेव्हा या कुकरच्या ओव्हनमधल्या एलिमेंटपासून पत्र्यापर्यंत सुमारे ४० हजार ओमचा गळतीचा रस्ता निघाला. चांगल्या कुकरमध्ये हा रस्ता जवळजवळ बंद असतो, कित्येक लाख ओम. आता पाट आणि चप्पल मिळून समजा २ लाख ओम. २४० भागिले २ लाख ४० हजार म्हणजे १ मिलिअँपिअर. साधारण इथेच माणसाला मुंग्या जाणवायला लागतात. आता पाट काढा, फरशी पुसलेली ओली आहे, पाय अनवाणी. ओल्या अंगाचा रोध एक-दोन हजार ओम. २४० भागिले ४२ हजार म्हणजे पावणेसहा मिलिअँपिअर. हा चांगला झटका आहे. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. आणि पावसाळ्यात ती ४० हजारांची गळती आणखी बिघडून ४ हजारांवर आली तर? २४० भागिले ६ हजार, ४० मिलिअँपिअर. एवढा करंट छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो.

म्हणजे मुंग्या आणि मृत्यू यांच्यामध्ये त्या घरात फक्त एक कोरडा पाट होता.

“पण दादा, एमसीबी आहे ना आमच्याकडे?” हा तिचा पुढचा प्रश्न, आणि बहुतेकांचा हाच गैरसमज असतो. एमसीबी किंवा जुना फ्यूज पडतो तो १६ अँपिअरच्या पुढे, आणि माणूस मरतो त्याच्या कित्येकशे पट कमी करंटला. एमसीबी तुमच्या वायरिंगला वाचवतो, तुम्हाला नाही. तुम्हाला वाचवणाऱ्या गोष्टी दोन: अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सतत ताडून बघतो. फरक पडला की कुठेतरी गळतंय, लगेच तोडतो. गावाकडच्या जुन्या घरांत तो सहसा नसतो. या घरातही नव्हता.

अर्थिंगचं काम साधं आहे. पत्रा जाड तारेने जमिनीला जोडला, की गळलेला करंट त्या तारेने जातो आणि पत्र्यावर व्होल्टेज उभंच राहत नाही. हात लावला तरी काही होत नाही. मग इथे मुंग्या का? व्हिडिओ कॉलवर तिने प्लग उघडला. मोठा तीन पिनांचा, १५ अँपिअरचा जुना प्लग. लाल तार, काळी तार जागेवर. हिरवी तार कापून मागे वळवलेली आणि वर काळी चिकटपट्टी. कुणी केलं, केव्हा केलं, माहीत नाही. असं करण्यामागचं कारण मात्र जवळजवळ नेहमी सारखंच असतं: अर्थ जोडला की काहीतरी पडतं, अर्थ काढला की चालतं, म्हणजे दुरुस्ती झाली! आम्ही सॉफ्टवेअरवाले एरर मेसेज लपवून ‘बग फिक्स’ म्हणतो, तसलाच प्रकार. फरक इतकाच की आमचं अॅप क्रॅश होतं.

याचाच एक चुलतभाऊ आहे, आणि तो जास्त वाईट. बोर्डात अर्थची तार आलेलीच नसते, म्हणून सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका छोट्या तुकड्याने जोडून टाकतात. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. पण कुठे खांबावर किंवा बोर्डात न्यूट्रल तुटला, की कुकरचा पूर्ण पत्रा थेट २४० व्होल्टवर येतो. मुंग्या नाहीत, इशारा नाही. तुमच्या घरी असा तुकडा असेल तर हा एपिसोड इथेच थांबवा आणि वायरमनला फोन करा. अर्थिंग खरंच आहे का हे बघायचं कामही त्याचंच. बल्ब लावून तपासायची जी पद्धत यूट्यूबवर दाखवतात, त्यात अर्थ खराब निघाला तर घरातल्या सगळ्या पत्र्यांवर करंट येतो. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन अशी भेगाळते की कोळसा-मीठ घातलेला अर्थचा खड्डाही कोरडा ठणठणीत होतो. त्यात अधूनमधून पाणी घालायचं असतं, हे कित्येक घरांत कुणाला माहीतही नसतं.

ठीक. अर्थ जोडला म्हणजे आजी सुरक्षित झाली, पण गळती का होते ते राहिलंच. ओव्हनचं एलिमेंट म्हणजे ती काळपट वाकवलेली नळी. नळीच्या आत मधोमध निक्रोमच्या तारेची स्प्रिंग असते, आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड दाबून भरलेली. ही पूड कमालीची वस्तू आहे: उष्णता जाऊ देते, वीज अडवते. दोष एकच, ती हवेतली ओल पिते. नळीच्या टोकांना सील असतं, पण चाळीस-पन्नास वर्षांत ते भेगाळतं. मग पावसाळ्यात चार महिने ओव्हन वापरला नाही की ओल आत शिरते आणि वीज अडवणारी पूड वीज झिरपवायला लागते. म्हणून ‘श्रावणानंतर पहिल्यांदा लावला आणि ट्रिप झाला’ ही तक्रार इतकी ओळखीची आहे. यात एलिमेंट जळालेलं नसतं, ओलं असतं.

उपायही मग सोपा आहे: वाळवणं. उन्हात ठेवून भागत नाही, साधारण १२० ते १५० अंशांत दोन-तीन तास लागतात. काही जण सांगतात की अर्थ काढून कुकर तासभर चालवा, आपोआप वाळेल. हे अजिबात करायचं नाही. धोक्याच्या वेळी संरक्षण काढून घ्यायचा हा सल्ला आहे. या मुलीने छान डोकं लावलं. वायरमन काकांनी एलिमेंट सोडवून दिलं, आणि तिने ते ओळखीच्या बेकरीत संध्याकाळी भट्टी निवत असताना ठेवलं. मग गरम असतानाच टोकं साफ करून उष्णतेला टिकणाऱ्या सिलिकॉनने बंद केली.

वाळलं की नाही हे कसं कळणार? मल्टिमीटरने अंदाज येतो, पण तो जेमतेम काही व्होल्टने मोजतो, आणि ओली पूड कमी व्होल्टला शहाण्यासारखी वागते, २४० ला गळते. त्यासाठी ५०० व्होल्टचं मेगर हवं. ते कुठे मिळणार? आपल्या तालुक्यांत शेतीपंपाच्या मोटारी भरून देणारी दुकानं कुठेही सापडतील. रिवाइंडिंगवाल्याकडे मेगर असतंच, आणि दोन मिनिटांचं काम तो चहाच्या पैशांत करतो. तिच्या एलिमेंटचा आकडा २० मेगाओमच्या पुढे गेला. माझा नियम असा, की १ मेगाओमच्या खाली आलं तर एलिमेंट बदला, चर्चा नको.

आता प्लेट. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे स्क्रू न उघडता निदान होतं.

जुन्या प्लेटच्या बटणावर लो, मीडियम, हाय असे तीन टप्पे असतात. आत कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स नाही. प्लेटमध्ये दोन सारख्या कॉइल असतात, समजा ‘अ’ आणि ‘ब’, प्रत्येकी ७५० वॅट. हायवर दोन्ही समांतर जोडल्या जातात, १५०० वॅट. मीडियमवर एकटी ‘अ’, ७५०. लोवर दोन्ही एकामागे एक, म्हणजे रोध दुप्पट, आणि एकूण मिळतात ३७५ वॅट. बटण फक्त जोडणी बदलतं. बीटेकच्या पहिल्या वर्षी सिरीज-पॅरलल शिकवताना बाईंनी हा कुकर दाखवला असता तर वर्गातले निम्मे झोपले नसते.

आता बघा. ‘अ’ तुटली तर काय दिसेल? हायवर अर्धीच धग, कारण एकटी ‘ब’ चालू. मीडियम मेलेलं. लो पण मेलेलं, कारण साखळीतली एक कडी तुटली. ‘ब’ तुटली तर? लो मेलेलं, पण मीडियम नेहमीसारखं, आणि हाय फिरवलं तरी मीडियमइतकंच. आणि लो चालतंय पण हाय चालत नाही असं असेल, तर दोन्ही कॉइल धडधाकट आहेत, कारण लोचा करंट दोन्हीतून जातो. दोष बटणात. तीन वेळा बटण फिरवलं आणि गुन्हेगार सापडला. अर्थात हे फिरवून बघणं अर्थ नीट जोडल्यावर.

मुलीने सांगितलं: हायवर कोमट, बाकी दोन्ही बंद. म्हणजे ‘अ’ गेली. मग प्लग काढून मल्टिमीटरने खात्री केली. ७५० वॅटच्या कॉइलचा रोध किती असावा? २४० गुणिले २४० भागिले ७५०, साधारण ७७ ओम. थंड असताना पाच-सात टक्के कमी दाखवेल. ‘ब’ने ७३ दाखवले, ‘अ’ने काहीच नाही. बिडाच्या प्लेटमधली कॉइल आतच ओतलेली असते, ती दुरुस्त होत नाही. म्हणून प्लेटच्या तारा सोडवून टोकं बंद केली. आजीला तिचं सोयरसुतक नव्हतं, तिला ओव्हन हवा होता.

उघड्या कॉइलच्या शेगडीचं मात्र वेगळं. तिथे तार तुटली की घरोघरी पीळ देऊन जोडतात. निक्रोम टिकते ती तिच्यावर बसलेल्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरामुळे. अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाने १९०५ च्या सुमाराला हा मिश्रधातू केला, तोवर लाल होऊनही न जळणारी स्वस्त तार नव्हतीच. पण तोच थर पिळाच्या जागी सांध्याला आड येतो. सांधा जास्त तापतो आणि काही दिवसांनी शेजारीच तुटतं. शिवाय तुटका भाग काढून तार आखूड केली की रोध कमी, करंट जास्त, तार आधीपेक्षा लाल. प्रत्येक दुरुस्ती पुढचं तुटणं जवळ आणते. नवी कॉइल घ्या, महाग नाही. आणि त्या शेगडीवर स्टीलचा चमचा फिरवताना एक लक्षात ठेवा: बटण फक्त एकच तार तोडत असेल आणि सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील, तर बटण बंद असूनही कॉइल जिवंत असते. म्हणून मी कायम ‘प्लग काढा’ म्हणतो, ‘बटण बंद करा’ म्हणत नाही.

तिसरी तक्रार नंतर आली. संध्याकाळी बट्ट्यांना दीडपट वेळ लागतो. थर्मोस्टॅटकडे जायच्या आधी व्होल्टेज बघा. वॅट व्होल्टच्या वर्गाने बदलतात. २४० चा ओव्हन १८० वर चालवला तर पाव व्होल्टेज कमी, पण धग ५६ टक्केच उरते. १५०० चे साधारण ८४० वॅट. आपल्याकडे आता प्रमाण व्होल्टेजही २३० आहे, आणि पंप सुरू असताना किती असतं ते बल्बकडे बघूनच कळतं. सॉकेटमध्ये लावायचा आकडे दाखवणारा मीटर मिळतो, तो घ्या. पण नुसतं एकदा बघू नका, ओव्हन बंद आणि ओव्हन चालू असं दोनदा बघा. तिच्याकडे २२४ आणि २१४ आले. दहा व्होल्ट वाटेत गेले. करंट होता सुमारे ५.६ अँपिअर, म्हणजे ५६ वॅट घराच्या वायरिंगमध्ये कुठेतरी तापतायत. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं! सॉकेट काढलं तर एका भोकाभोवती बॅकेलाइट तपकिरी, स्क्रू ढिला, तारेचं आवरण बिस्किटासारखं ठिसूळ. मल्टिमीटरने हा सांधा चांगलाच दाखवला असता, कारण मीटरचा करंट इतका किरकोळ असतो की ढिल्या सांध्याला तो पेलतो. इथे डोळे आणि नाक जास्त कामाचे.

आतल्या तारा बदलताना तीन गोष्टी. साधी पीव्हीसी वायर ७० अंशांसाठी असते, कुकरच्या पोटात ती वितळते. फायबरग्लासची किंवा सिलिकॉनची घ्या. सोल्डर करू नका, ते १८० अंशांच्या थोडं वर पातळ होतं. रिंग लावून स्क्रूनेच कसा. आणि रंगांवर आंधळा विश्वास नको. नव्या कॉर्डमध्ये निळी म्हणजे न्यूट्रल, पण आपल्या थ्री-फेज वायरिंगमध्ये निळी हा एक फेज असतो. काही जुन्या जर्मन उपकरणांत तर लाल तार चक्क अर्थची. मीटर लावून ठरवा.

आणि एक गोष्ट जी व्हिडिओत कुणी सांगत नाही. इतक्या जुन्या कुकरमध्ये तारांवरचं पांढरं विणलेलं आवरण किंवा ओव्हनमागचा राखाडी पुठ्ठा अॅस्बेस्टॉसचा असू शकतो. नुसता असला तर लगेच काही होत नाही, पण त्याचे तंतू श्वासात गेले तर फुप्फुसांचे गंभीर आजार होतात, तेही कित्येक वर्षांनी. ब्रशने झाडू नका, ब्लोअर मारू नका, कापू नका. तसं दिसलं तर पाण्याने हलकं ओलं करून आहे तसं झाका आणि कुकर शोभेला ठेवा. या कुकरमध्ये फायबरग्लास निघालं, नशीब.

सध्याची स्थिती अशी. नवं १६ अँपिअरचं सॉकेट, अर्थची तार जोडलेली, खड्ड्यात पाणी, बोर्डात आरसीसीबी. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं काम मुलीच्या धाकट्या भावाकडे आहे. थर्मोस्टॅट अजून संशयित आहे. त्यात तेल भरलेली बारीक नळी असते, ती गळली तर ओव्हन कापतच नाही, तापतच राहतो. ओळखायची खूण म्हणजे ओव्हनचा लाल दिवा अधूनमधून विझायला हवा. अर्धा तास होऊनही विझला नाही, तर प्लग काढायचा. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, दिव्याकडे कोण बघतं, बट्टीच्या वासावरून कळतं.

वास ठीक आहे आजी, पण दिव्याकडेही बघा.